‘स्प्रॉल’ आणि ‘स्ट्रीट कनेक्टिव्हिटी’: मराठीत काय लिहावे?

प्रश्न: गोव्यात पणजीशेजारच्या पर्वरीच्या वाढीवर लेख लिहितोय. ‘अर्बन स्प्रॉल’ला, म्हणजे शहराच्या अस्ताव्यस्त पसरण्याला, ‘शहरी विस्तार’ म्हटले की विकासाची बातमी वाटते. ‘कनेक्टिव्हिटी’ तर आपल्याकडे अटल सेतूपासून मोबाइल टॉवरपर्यंत सगळ्यालाच म्हणतात. काही सुचवा.

— ‘पसारा’ लिहा. आवरायचा कोणी, हा प्रश्न त्यात आपसूक येतो.

— पसारा चालेल, पण दोन गोष्टींची सरमिसळ नको. पसारा म्हणजे वस्तीने किती जमीन खाल्ली. जोडणी म्हणजे आतले रस्ते एकमेकांना किती मिळतात. अभ्यासक ती नाक्यावर फुटणाऱ्या वाटांवरून मोजतात: चौकाला चार, तिठ्याला (आपल्या तिस्काला) तीन, बंद गल्लीच्या टोकाला एक. अमेरिकेत नव्या रस्त्यांची जोडणी १९९४ च्या सुमारास तळाला गेली आणि मग सावरली. पण एकदा पडलेली आखणी सहसा हलत नाही. घर पाडून नवे बांधता येते; रस्ता पुढे न्यायचा तर मधला प्लॉट कोणीतरी सोडायला हवा. कोण सोडतो?

पणजीचेच बघा. १८४३ मध्ये राजधानी होण्याआधीच मनुएल द पोर्तुगाल इ काश्त्रू या गव्हर्नरने पाणथळ जागा बुजवून रस्ते आखून घेतले होते. तिथल्या फोंताइन्हास या जुन्या वस्तीच्या गल्ल्या अरुंद, वाकड्या. तरी आत शिरलेला माणूस कुठून ना कुठून बाहेर पडतो. पर्वरीच्या पठारावर मात्र ज्याने त्याने आपापल्या तुकड्यात प्लॉट पाडले. रस्ता शेवटच्या गेटपर्यंत, पुढे चिऱ्यांची कंपाउंड वॉल. पलीकडच्या कॉलनीतल्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात, पण तिथे जायचे तर हायवेवर येऊन वळसा! दुधाच्या पिशवीसाठीही स्कूटर हायवेवर काढायची आणि मग ट्रॅफिकच्या नावाने बोटे मोडायची.

प्रश्नकर्ता: मग ‘तुटक वाढ’?

— नको. त्याने मध्ये मोकळी जागा सुटल्यासारखे वाटते. खेटून उभी असलेली दाट वस्तीही बिनजोडणीची असू शकते. सरळ ‘रस्त्यांची जोडणी’ म्हणा. नसेल तिथे ‘कोंडलेले रस्ते’.

प्रश्नकर्ता: मथळ्यात ‘पसारा’, आत ‘जोडणी’ ठेवतो. ‘तिस्क’ संपादक ठेवतील?

— ठेवायला लावा. उसगाव-फोंड्याच्या वाचकाला ‘तिठ्या’पेक्षा तेच जवळचे.