मोठ्या कुटुंबात, गरिबीत वाढलेल्यांचे समाधान खरे असते की नुसती सवय?

शेंडेफळ (प्रश्न):

आम्ही आठ भावंडे आणि मी सर्वांत धाकटा. वडिलांची मिळकत अनियमित होती, त्यामुळे महिन्याचा शेवटचा आठवडा कसा निघणार याची चर्चा आम्हां मुलांच्या कानांवर नेहमीच पडत असे. नवे कपडे थोरल्यांना मिळत आणि मला मिळेपर्यंत ते तिघाचौघांच्या अंगावरून उतरलेले असत. पुस्तकेही तशीच हातोहात खाली येत, आणि त्यांत आधीच्या भावंडांनी समासांत लिहून ठेवलेल्या खुणांचा मला अभ्यासात फार उपयोग झाला, हे मुद्दाम सांगितले पाहिजे.

आज माझी परिस्थिती चांगली आहे. आम्ही भावंडे एकत्र जमलो की त्या दिवसांविषयी प्रेमाने बोलतो आणि मला ते बोलणे खोटे वाटत नाही, कारण बालपणी मी एकटा आहे असे मला एकदाही वाटल्याचे आठवत नाही. थोरली बहीण मात्र अशा गप्पांत फारशी बोलत नाही. शिवाय मला स्वतःत एक गोष्ट दिसते, ती अशी की दुसऱ्यांसाठी मी सहज खर्च करतो, पण स्वतःसाठी साधी वस्तू घ्यायची झाली तरी ती पुढे ढकलत राहतो आणि शेवटी ती नकोच होती असे मनाला पटवून देतो. मला समाधानी माणूस समजले जाते. हे समाधान खरे आहे, की लहानपणी काही मागायचेच नाही अशी जी शिस्त अंगी बाणली तिचाच हा परिणाम आहे, हे ओळखावे कसे? आणि माझ्या मुलांना ते दिवस कसे सांगावेत, म्हणजे त्यांना गरिबीचे कौतुकही वाटणार नाही आणि अपराधीही वाटणार नाही?

अभ्यासू वाचक:

आपली शंका रास्त आहे आणि ती विचारवंतांनाही पडलेली आहे. दीर्घकाळ वंचित राहिलेली माणसे टिकून राहण्यासाठी आपल्या इच्छाच लहान करून घेतात, म्हणून केवळ त्यांच्या समाधानावरून त्यांचे जीवन चांगले चालले आहे असा निष्कर्ष काढता येत नाही, हा मुद्दा अमर्त्य सेन यांनी वारंवार मांडला आहे. स्वतःसाठी वस्तू पुढे ढकलण्याची आपली सवय मला याच प्रकारातील वाटते.

परंतु आपण जे दुसरे सांगितले, म्हणजे एकटेपणा कधी वाटला नाही हे, त्याला मी सवय म्हणणार नाही. मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवाईतील काउआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा जन्मापासून प्रौढ वयापर्यंत मागोवा घेतला. गरिबी, घरातील कलह, पालकांचे आजारपण अशा अनेक अडचणींत जन्मलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले पुढे कर्तबगार, आत्मविश्वास असलेली आणि इतरांची काळजी घेणारी माणसे झाली. त्यांच्या बालपणात निदान एक तरी विसंबता येईल असे माणूस होते आणि ते माणूस दर वेळी आई किंवा वडीलच असे असे नाही; आजी-आजोबा किंवा मोठे भावंडही ती जागा घेत असे. घरातील काहीतरी काम त्यांच्यावर सोपवलेले असे आणि आपण घराला उपयोगी पडतो ही जाणीव त्यांना बळ देई.

याच अभ्यासात आणखी एक नोंद आहे, जी मोठ्या कुटुंबांचे गुणगान करताना बहुधा सांगितली जात नाही: या सावरलेल्या मुलांची कुटुंबे बहुतांशी चार किंवा त्यांहून कमी अपत्यांची होती. पालकांचे लक्ष आणि वेळ वाटून घ्यावा लागतोच, आणि आठांत वाटला की वाटा लहान होतो. आपल्याला तो वाटा पुरेसा मिळाला असेल, तर तो कोणीतरी स्वतःच्या वाट्यातून दिला असण्याची शक्यता मला मोठी वाटते.

थोरली:

वरील शेवटचे वाक्य वाचून मी लिहायला बसले. मी सात भावंडांत मोठी आहे. धाकट्यांना आंघोळ घालणे, त्यांचा अभ्यास घेणे, आई आजारी असली की सगळे घर सांभाळणे हे माझ्याकडे होते, आणि माझे शिक्षण त्यामुळेच मध्येच थांबले. आमच्याकडेही जुन्या दिवसांच्या गप्पा रंगतात, आणि धाकट्यांना आठवणारे उबदार घर माझ्याही आठवणीत आहे. फरक एवढाच की ती ऊब टिकवण्याचे काम माझे होते.

मी आज समाधानी आहे, पण ते समाधान गरिबीने दिले असे मी म्हणू देत नाही. माझे काय गेले हे मी बरीच वर्षे कोणापाशी बोलले नाही, आणि ज्या दिवशी एका भावाने सरळ विचारले, त्या दिवसानंतर मला त्या घरावर पुन्हा मोकळेपणाने प्रेम करता आले. त्याने क्षमा मागावी किंवा उपकार मानावेत अशी माझी अपेक्षा नव्हती; त्याला ते माहीत असावे, एवढीच होती. आपल्या बहिणीच्या मनात काय आहे हे मी सांगू शकत नाही, परंतु तिला सर्वांसमोर न विचारता एकटीला विचारावे आणि ती बोलू लागली की मध्ये चांगल्या आठवणी सांगून तिला थांबवू नये, एवढे नक्की सुचवीन.

मितव्ययी:

इच्छा कमी करून मिळवलेले समाधान दुय्यम असते, या सूचनेशी मी सहमत नाही. एपिक्टेटस हा तत्त्वज्ञ गुलाम म्हणून जन्मला होता आणि आपल्या हाती नसलेल्या गोष्टींवर सुख टांगून ठेवू नये, ही त्याची मुख्य शिकवण होती. परिस्थितीने सुरू झालेली गोष्ट माणूस पुढे समजून-उमजून स्वतःची करू शकतो, आणि तशी केली की ती त्याचीच असते.

मात्र भीती आणि समाधान यांत भेद करावा लागतो. मी स्वतःपुरती एक कसोटी वापरतो. एखादी वस्तू घेतली नाही याचा मला नंतर विसर पडत असेल, तर ती खरोखरच नको होती. पण ती पुन्हा पुन्हा मनात येत असेल आणि दर वेळी मी नवे कारण शोधून ती नाकारत असेन, तर तेथे जुनी टंचाई बोलत असते. तमिळनाडूतील ऊस उत्पादक शेतकऱ्यांवरील एका अभ्यासात, जो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, तेच शेतकरी कापणीपूर्वी पैशांची ओढाताण असताना आकलनाच्या चाचण्यांत मागे पडत आणि कापणीनंतर त्यांची कामगिरी सुधारत असे दिसले. ओढाताण संपली की डोके मोकळे होते, हे त्यातून कळते. पण बालपणभर चाललेल्या ओढाताणीची सवय केवळ बँकेतील शिल्लक पाहून जात नाही, हा माझा अनुभव आहे. मी दरमहा एक लहान रक्कम केवळ स्वतःसाठी बाजूला काढतो आणि ती खर्च केलीच पाहिजे असा नियम पाळतो. सुरुवातीला ते फार जड गेले.

शेंडेफळ:

आपणां सर्वांचे मनापासून आभार. वर दिलेली कसोटी लावली तर माझ्या नकारांपैकी बरेच भीतीचे निघतील असे वाटते. बहिणीशी बोलणार आहे, एकटीशीच. मुलांविषयीचा प्रश्न मात्र अजून तसाच आहे.

थोरली:

मुलांना तात्पर्य सांगू नका, तपशील सांगा. "आम्हांला काहीच मिळत नव्हते आणि तरी आम्ही आनंदी होतो" या वाक्याने मुले गप्प होतात, कारण त्यावर त्यांना विचारण्यासारखे काही उरत नाही. त्याऐवजी कोण कोठे झोपत असे, एक पुस्तक चौघे कसे वाचत, पैसे संपले की आधी कशावर काट मारली जाई आणि ते कोण ठरवी, हे जसे होते तसे सांगा. ज्या गोष्टीचा राग आला होता तिचाही उल्लेख करा. माझ्या मुलांनी असे ऐकताना मला विचारले की शाळा सुटली तेव्हा मी कोणाला काही बोलले का, आणि या प्रश्नाचे उत्तर मी त्यांना खरे खरे दिले.