घटनाधारित डॅशबोर्ड: केंद्र बंद पडले तरी चौकट हिरवीच का राहते?

प्रश्न (बेळगाव)
सर्वांस नमस्कार. खानापूर तालुक्यातील काही दूध संकलन केंद्रांच्या संगणकांवर लक्ष ठेवण्यासाठी मी एक लहान डॅशबोर्ड, म्हणजे सर्व केंद्रांची स्थिती दाखवणारा पडदा, तयार केला आहे. प्रत्येक संगणक दर अर्ध्या मिनिटाला आपली स्थिती सर्व्हरला कळवतो, सर्व्हर ती तक्त्यात नोंदवतो आणि त्यावरून त्या केंद्राची चौकट हिरवी किंवा लाल होते. गेल्या आठवड्यात जांबोटी भागातील एका केंद्राची वीज पहाटेच गेली, तरी चौकट दुपारपर्यंत हिरवीच होती. खरा प्रकार सचिवांच्या फोनवरून कळला. बिघाडाचा संदेश पाठवायला संगणकच चालू नव्हता. अशा वेळी काय करतात?

उत्तर १ (निपाणी)
आपला तक्ता शेवटची बातमी जपून ठेवतो, पण ती किती शिळी झाली हे पाहत नाही; चूक एवढीच आहे. संगणकांवर लक्ष ठेवणाऱ्या रीमान नावाच्या प्रणालीत प्रत्येक घटनेसोबत, म्हणजे आलेल्या संदेशासोबत, होस्ट (कोणता संगणक), सर्व्हिस (त्यावरील कोणती गोष्ट), स्थिती, वेळ आणि आकडा यांबरोबर टीटीएल, म्हणजे ती बातमी किती सेकंद खरी मानायची याची मुदत, दिलेली असते. प्रत्येक होस्ट आणि सर्व्हिस या जोडीची ताजी घटना इंडेक्समध्ये, म्हणजे ताज्या स्थितीच्या तक्त्यात, राहते, आणि मुदतीत नवी घटना आली नाही तर जुनी काढून टाकून प्रणाली स्वतःच ‘एक्स्पायर्ड’ (मुदत संपलेली) स्थितीची घटना पुढे पाठवते. अशा रीतीने न आलेल्या बातमीचीही बातमी होते. आपण अर्ध्या मिनिटाला संदेश पाठवता, तेव्हा मुदत नव्वद सेकंद ठेवावी, म्हणजे एखादा संदेश वाटेत हरवला तरी उगाच धावपळ होणार नाही.

प्रोमिथियस हा लक्ष ठेवणारा दुसरा प्रोग्राम उलट बाजूने काम करतो: तो स्वतः ठरावीक अंतराने आकडे आणायला जातो आणि आणता आले नाहीत तर ‘अप’ हा आकडा शून्य होतो. मात्र त्याच्या जोडीला पुशगेटवे, म्हणजे संगणकांनी पाठवलेले आकडे त्याच्यासाठी साठवणारा मध्यस्थ, वापरल्यास आपलाच अनुभव पुन्हा येईल, कारण पुशगेटवे आलेला आकडा काढून टाकेपर्यंत विसरत नाही.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. मुदत घातली आणि चौकट वेळेवर बदलली. परंतु जोडणी परत येताच त्या संगणकाने साठवून ठेवलेले शेकडो संदेश एकदम पाठवले, आणि काही क्षण पडद्यावर सकाळचीच स्थिती दिसत राहिली.

उत्तर २ (चिकोडी)
घटना घडल्याची वेळ आणि ती सर्व्हरवर पोहोचल्याची वेळ या दोन्ही नोंदवा. चौकटीचा रंग घडल्याच्या वेळेवरून ठरवा आणि तक्त्यातील नोंदीपेक्षा जुन्या वेळेची घटना आली तर ती आलेखापुरती ठेवा, चौकटीला लावू नका. हे जमण्यासाठी केंद्रांची घड्याळे एनटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीने, जुळलेली हवीत. बॅटरी संपलेल्या मदरबोर्डचा संगणक वीज गेल्यावर काही वर्षे मागची तारीख दाखवू लागतो, आणि खानापूरच्या पावसाळ्यात वीज किती वेळा जाते हे येथे कोणाला सांगायला नको.

आणखी एक सूचना: मुदत संपलेल्या चौकटीला लाल रंग देऊ नका, राखाडी द्या. लाल म्हणजे केंद्राने स्वतः बिघाड कळवला, राखाडी म्हणजे केंद्राशी संपर्कच नाही. पहिल्या वेळी सॉफ्टवेअर पाहावे लागते, दुसऱ्या वेळी आधी सचिवांना फोन करून वीज आहे का ते विचारावे.