आंबा घाटात कॅम्परव्हॅन तापते, घाटाखाली ठीक. पुन्हा चढवावी का?

चूल_चाकावर
मंडळी, गाडी आत्ता घाटाच्या पायथ्याला साखरप्यात उभी आहे. टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली डिझेल कॅम्पर, 120 लिटरची पाण्याची टाकी भरलेली, छतावर वेगळा एसी, आत चार माणसं. रत्नागिरीहून कोल्हापूरकडे निघालोय. घाट लागेपर्यंत काटा जागचा हलला नाही. चढाला तिसरा गियर, केबिनचा एसी चालू, आणि दहा मिनिटांत काटा लाल पट्ट्याला. लगेच इंजिन बंद केलं, तर कूलंटच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या) बाटलीतून ते फसफसून बाहेर आलं. तासाभराने दोन लिटर पाणी मावलं, मग वळवून खाली आणली. जमिनीवर ठिपका नाही, पाइप कोरडे. पन्हाळ्याचं बुकिंग आज रात्रीचं आहे. काय तपासू? आणि उचलून न्यावी लागली तर कशी?

बारा_तेराचा_पाना
आधी पन्हाळ्याला फोन करून आजची रात्र रद्द करा. बुकिंग वाचवायला घाट चढणाऱ्यांचीच हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांमधलं सील) जाते.

आता गाडी. ती कधी तापते यावरून निम्मं निदान होतं. सपाटीला 80 च्या वेगात तापली तर रेडिएटर आतून चोंदलाय किंवा पाणी नीट फिरत नाही. थंड इंजिन चालू केल्यावर पाच मिनिटांत तापली तर थर्मोस्टॅट (पाणी गरम झाल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) किंवा गॅस्केट. फक्त संथ चढाला तापली तर पहिला संशय हवेवर, म्हणजे पंख्यावर. सपाटीला समोरून वारा मिळतो, घाटात 20-25 च्या वेगात सगळा भार पंख्यावर येतो.

बाटलीतून पाणी आलं म्हणजे गळतीच आहे असं नाही. तापलेलं इंजिन एकदम बंद केलं की वॉटर पंप थांबतो, हेडमधली उष्णता तिथल्याच पाण्यात उतरते आणि ते उकळतं. पुढच्या वेळी वाफ किंवा गळती नसेल तर गाडी न्यूट्रलला, एसी बंद, हीटर पूर्ण गरम आणि ब्लोअर फुल, असं इंजिन तीन-चार मिनिटं चालू राहू द्या. काटा खाली आला की मग बंद. वाफ दिसली किंवा पाणी गेलं असेल तर मात्र तत्क्षणी बंद.

आज तपासा:
1. पंखा व्हिस्कस कपलिंगचा (इंजिन तापलं की आतल्या तेलाने पंख्याला पकडणारा जोड) असेल तर इंजिन गरम करून बंद करा, किल्ली काढून खिशात ठेवा आणि पाती हाताने जोरात फिरवून सोडा. जड लागून एका फेऱ्यात थांबला तर ठीक. भिंगरीसारखा फिरत राहिला तर कपलिंगमधलं सिलिकॉन तेल गेलंय.
2. इंजिन गरम असताना रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) चटका देतो आणि खालचा गारच, तर थर्मोस्टॅट अडकलाय.
3. उद्या सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, रेडिएटरचं झाकण उघडून चालू करा. सुरुवातीला थोडे बुडबुडे येतात, ते हवेचे. ते थांबतच नसतील आणि धुराचा वास येत असेल तर गॅस्केट. मग चढायचा विचारही नको.
4. जाळीसमोर काय काय लावलंय ते बघा. कॅम्पर बांधताना पुढे एसीचा जादा कंडेन्सर (उष्णता बाहेर टाकणारी जाळी), दिवे, गार्ड ठोकतात आणि रेडिएटरचं तोंडच बंद होतं.

गरम असताना झाकण उघडू नका. दाबाखाली पाणी शंभराच्या वरही उकळत नाही, झाकण सैल होताच एकदम उकळून अंगावर येतं.

लालमातीवाला
रेडिएटरमध्ये दोन चमचे हळद टाका. बारीक गळती असेल तर बसते. जुने ड्रायव्हर हेच करतात. आणि मेकॅनिकला सांगून थर्मोस्टॅट काढून टाका, कटकटच नको.

बारा_तेराचा_पाना
हळद बसते हे खरं, पण ती फक्त भोकातच बसते असं नाही. रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्यांतही गाळ धरते. इथे तर गळतीच दिसत नाही, मग बुजवायचं काय?

थर्मोस्टॅटचंही तसंच. बऱ्याच इंजिनांत तो गरम झाल्यावर रेडिएटरची वाट उघडतो आणि त्याच वेळी बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायम उघडा राहतो, थोडं पाणी रेडिएटरला न जाताच फिरत राहतं आणि चढाला गाडी जास्तच तापते. सपाटीला उलट इंजिन थंड राहून डिझेल जास्त पितं. बिघडला असेल तर बदला. उकळायला ठेवलेल्या पाण्यात टाकून बघता येतो, साधारण 80 ते 88 अंशांच्या दरम्यान उघडायला लागला पाहिजे.

चूल_चाकावर
पंखा बघितला. गरम इंजिनवर पाच-सहा फेरे सहज फिरतो. खालचा होज कोमट आहे.

बारा_तेराचा_पाना
मग कपलिंग. साखरप्यात मिळायची शक्यता कमी, रत्नागिरी किंवा कोल्हापूरहून मागवावं लागेल. पार्ट नंबर जुन्यावरूनच घ्या, पंख्याच्या बोल्टची जागा वेगळी निघते. काही मेकॅनिक कपलिंग बोल्टने जाम करून पंखा कायम फिरता ठेवतात. एका घाटापुरतं चालतं, पण आवाज वाढतो आणि जास्त आरपीएमला पातं तुटू शकतं.

तसंच चढवायचं असेल तर, आणि सकाळी बुडबुडे नसतील तरच: पहाटे निघा. टाकी रिकामी करा, 120 लिटर म्हणजे 120 किलो. माणसं एसटीने वर आंबा गावाला पाठवा. एसी बंद, हीटर फुल, खिडक्या उघड्या. दुसरा गियर, 2000 ते 2500 आरपीएम. वरच्या गियरमध्ये इंजिन रेटू नका, पाण्याचा पंप इंजिनच्या वेगाच्या प्रमाणातच फिरतो. काटा पाऊण झाला की रुंद जागी थांबा, चाकांमागे दगड द्या, वळणाच्या अलीकडे इशाऱ्याचा लाल त्रिकोण ठेवा. निघताना दगड उचलायला विसरू नका, मागून येणारा दुचाकीवाला त्यावर पडतो.

जादा पाणी 10 लिटर बरोबर ठेवा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो. कॅम्परच्या टाकीतलं बोअरचं पाणी टाकलंच तर कोल्हापुरात सगळं काढून 50:50 कूलंट भरा, नाहीतर आत क्षार धरतात.

उचल_टांग
टोइंगबद्दल. दोराने ओढत घाटात नेऊ नका. इंजिन बंद असलं की ब्रेकला जोर देणारा बूस्टर दोन-तीन दाबात रिकामा होतो, पेडल दगड होतं, पॉवर स्टिअरिंगही जातं.

फ्लॅटबेडला (गाडी पाट्यावर चढवून नेणाऱ्या ट्रकला) सांगताना गाडीची लांबी, वजन आणि छतावरच्या एसीसकट उंची सांगा. गाडी 2.9 मीटर आणि ट्रकचा पाटा एक मीटर धरला तरी 3.9 होते. फांद्या, लोंबत्या तारा आणि बोळातली गॅरेजं यांचा आधी विचार करा. पुढची चाकं उचलून नेणारा टो आला तर मागच्या डिफरन्शियलपाशी प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) सोडवून वर बांधायला लावा. मागची चाकं फिरत राहिली आणि इंजिन बंद असलं की गिअरबॉक्समध्ये तेल नीट उडत नाही. फ्लँजवर (शाफ्टच्या बोल्टच्या जोडावर) आधी खडूने खूण करा, शाफ्ट त्याच जागी परत बसला नाही तर गाडी थरथरते.

घाट राष्ट्रीय महामार्ग 166 वर आहे, तेव्हा महामार्गाची 1033 ही हेल्पलाइन लावून बघा. त्याआधी विम्याच्या कागदावर रोडसाइड असिस्टन्स आहे का ते पाहा. गाडी ट्रकवर चढवण्याआधी गॅस सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद, टाकी रिकामी, कपाटांना कड्या.

चूल_चाकावर
रात्र इथेच काढतोय. फ्रिज कॅम्परच्या आतल्या वेगळ्या बॅटरीवर आहे, स्टार्टरची बॅटरी वेगळी केली. सकाळी झाकण उघडून बुडबुड्यांचं कळवतो.