मुहम्मद तुघलक आणि मलिक अंबर : मराठवाड्यावर कोणाचा ठसा अधिक खोल?

धागाकर्ता, छत्रपती संभाजीनगर
आपल्या भागात बाहेरून येऊन दोघांनी राजधान्या वसवल्या. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये देवगिरीचे दौलताबाद करून दिल्लीकरांना इकडे हलवले. अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभारी मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी वसवली, तेच आजचे आमचे शहर. माझ्या मते अंबर उजवा ठरतो, कारण वस्तीबरोबर त्याने पाण्याची सोय केली. हर्सूलकडच्या डोंगरातले पाझर जमिनीखालच्या नहरीत गोळा करून, निव्वळ उताराच्या आणि दाबाच्या बळावर ते पाणी शहरात खेळवले. आमच्या जुन्या घराजवळच्या बंब्याला, म्हणजे नहरीचे पाणी वर चढवणाऱ्या खांबाला, लहानपणी कान लावला, की आत पाणी पडल्याचा आवाज येई. तुघलकाला मात्र काही वर्षांतच लोकांना परतीची परवानगी द्यावी लागली.

देवगिरीकर
हा निकष मला अपुरा वाटतो. राजधानी परत गेली, तरी माणसे सगळी गेली नाहीत. सुफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब इथेच राहिले. त्यांचा दर्गा खुलताबादेत आहे. दिल्लीच्या बोलीला मराठीचा शेजार लाभून दखनी घडली. दौलताबादच्या अमिरांनी बंड केले, त्यातून १३४७ मध्ये बहमनी राज्य उभे राहिले, आणि ते फुटल्यावर निजामशाही आली. ती नसती, तर अंबराला कर्तृत्व दाखवायला जागा तरी कुठे होती?

जालन्याहून
ज्याच्याविरुद्ध बंड झाले, त्यालाच बंडाच्या फळाचे श्रेय कसे द्यायचे? शेतकऱ्याच्या घरातला म्हणून मी वेगळे मोजमाप लावतो. अंबराने जमिनीची प्रतवारी लावून सारा ठरवला आणि पुढे मराठी अमदानीतही मलिकंबरी धाऱ्याचा, म्हणजे त्याने ठरवलेल्या साऱ्याच्या दरांचा, दाखला दिला जाई. तुघलकाने चांदीच्या मोलाने चालवलेली तांब्या-पितळेची नाणी लोक घरोघरी पाडू लागले आणि ती खजिन्याला चांदी-सोने मोजून परत घ्यावी लागली.

देवगिरीकर
साऱ्याबाबत आपले म्हणणे मान्य आहे. परंतु अंबर राजा नव्हता, मुर्तजा निजामशहाचा कारभारी होता, हेही विसरू नये.

धागाकर्ता
तख्त निजामशहाचे असले, तरी सत्ता अंबराचीच होती. १६२४ मध्ये मोगल आणि आदिलशाही फौजा एकत्र चालून आल्या, तेव्हा त्याने भातवडीच्या तलावाचा बांध फोडून त्यांच्या छावणीत चिखल केला आणि शहाजीराजांसारख्या सरदारांच्या बळावर लढाई जिंकली. शहरासाठी पाणी आणणाऱ्या माणसालाच रणात त्याचा असा उपयोग सुचला, म्हणून मी माझ्या मतावर ठाम आहे.