२० फुटी अरुंद प्लॉटवर घर बांधायचंय, आराखडा आणि बजेट दोन्ही अडलंय – मदत हवी आहे

नमस्कार. गेले तीन महिने आम्ही एकाच नकाशाभोवती फिरतोय. घर बांधून झालेल्यांनी किंवा या कामातल्या जाणकारांनी कृपया सांगा.

प्लॉट २० फूट रुंद, ६० फूट खोल. दोन्ही बाजूंना भिंतीला भिंत लागून घरं आहेत. परवानगीप्रमाणे पुढे १० आणि मागे ५ फूट मोकळं सोडायचं, बाजूंना सोडायचं नाही. म्हणजे बांधायला २० बाय ४५ मिळतात. कागदावर २० आहेत खरे, पण आम्ही टेप लावून मोजलं तर पुढे बरोबर २० भरले आणि मागे १९ फूट २ इंच. दोन्हीकडच्या ९ इंची भिंती वजा केल्या की आत पुढे साडेअठरा फूट उरतात आणि मागे १७ फूट ८ इंच. नकाशा मात्र सगळीकडे २० धरूनच काढलेला आहे.

घरात आम्ही दोघं, दोन मुली आणि सासूबाई. सासूबाईंचे गुडघे गेलेत, जिना त्यांना जमत नाही. इथेच सगळं अडतं. आर्किटेक्टने तळमजल्यावर पूर्ण पार्किंग दाखवलंय, पहिल्या मजल्यावर हॉल, स्वयंपाकघर आणि सासूबाईंची खोली, दुसऱ्यावर आमच्या खोल्या. आणि "लिफ्टची जागा ठेवू, पुढे बसवा." पुढे म्हणजे कधी? तोवर त्यांनी वर अडकून पडायचं का? अंगणात बसणं, येणाऱ्या-जाणाऱ्याशी दोन शब्द बोलणं यावर त्यांचा दिवस चालतो. गाडी एकच आहे, तीही लहान. तिच्यासाठी पूर्ण मजला द्यायचा आणि माणसाला वर चढवायचं हे मला पटत नाही. पण "तळमजल्यावर खोल्या केल्या तर मधला भाग काळोखा होईल" असं ते म्हणतात, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

आता पैशाचं. आकडे इथे देत नाही, एकूण तरतूद १०० धरा. त्यात ५५ आमची बचत, ४५ कर्ज. तिन्ही मजल्यांचं मिळून सुमारे २६०० चौरस फूट काम, त्याचं ठेकेदाराने ९७ सांगितलंय. पाण्याची टाकी, कुंपण, गेट, वीजजोडणी, परवानगीचं शुल्क, आर्किटेक्टची फी आणि माती परीक्षण त्यात नाही. बांधकाम होईपर्यंत भाड्याच्या घरात राहायचंय, ते भाडंही यातूनच जाणार. मिस्टर म्हणतात, फरशी आणि फिटिंग हलक्या दर्जाची घेऊ. मला वाटतं बांधकामच कमी करावं. तळमजल्यावर सासूबाईंची खोली बसवून, मधे उजेड आणून दोन मजल्यांत हे घर होईल का?

शेजारचं एक घर बरंच जुनं आहे. आमचा पाया खोदताना त्याला काही होईल का, याचीही धास्ती आहे.

प्रतिसाद १

ताई, आधी मोजमापाचं मिटवा. चारही बाजू आणि दोन्ही कर्ण मोजून घ्या, आणि नकाशा सगळ्यात कमी भरलेल्या रुंदीवर काढायला सांगा. मागे १० इंच कमी असताना २० धरून कॉलम आखले, तर ऐन कामात एक तर शेजाऱ्याच्या हद्दीत जाल, नाहीतर खोली लहान होईल.

काळोखाची भीती खरी आहे, पण तिला उपाय आहे. खिडकीचा वरचा काठ जमिनीपासून ७ फुटांवर असेल, तर कामापुरता उजेड त्याच्या साधारण दोन ते सव्वादोन पट, म्हणजे १४ ते १६ फूट आत येतो. तुमचं घर पुढून मागे ४५ फूट. पुढून १५-१६ फूट, मागून १५-१६ फूट उजळतील, मधले १४ फूट राहतील. या पट्ट्यात राहायची खोली काढूच नका. जिना, बाथरूम आणि वर आभाळापर्यंत उघडा राहणारा चौक, इतकंच तिथे ठेवा.

जिन्याचा हिशेब आधी करा. मजल्याची उंची १० फूट म्हणजे १२० इंच. पावणेसात इंचांच्या आसपास उंचीच्या १८ चढण्या लागतात. सरळ जिना केला तर १० इंची १७ पायऱ्या (शेवटची चढण थेट वरच्या मजल्यावर जाते), म्हणजे १४ फूट २ इंच लांबी. शिवाय दोन्ही टोकांना उभं राहायला जागा. मधे वळणारा जिना केला तर एका बाजूला ८ पायऱ्या आणि ३ फुटांचं लँडिंग मिळून ९ फूट ८ इंच लांबी, रुंदी साडेसहा फूट. तुमच्याकडे मी वळणाराच घेईन. सगळ्यात कमी रुंदी, म्हणजे आत १७ फूट ८ इंच धरा. त्यातून साडेसहा गेले, साडेतीन फुटांची वाट ठेवली, पार्टिशन धरून दुसऱ्या बाजूला सव्वासात फूट उरतात. त्या सव्वासात फुटांत १४ फूट लांबीवर सव्वासात बाय साडेसात फुटांचं बाथरूम आणि सव्वासात बाय ६ फुटांचा चौक बसतो. जिन्याच्या माथ्यावर काच घ्या आणि पायऱ्यांच्या उभ्या फळ्या उघड्या ठेवा, म्हणजे वरचा उजेड खालपर्यंत उतरतो. सगळे पाइप चौकाच्या भिंतीवरून न्या. गळती झाली तर दिसते, आणि दुरुस्तीला भिंत फोडावी लागत नाही.

सासूबाईंना मागची बाजू द्या. मागे १७ फूट ८ इंच आहेत, पार्टिशन सोडून १० फुटांची खोली आणि सव्वासात फुटांचं स्वयंपाकघर शेजारी-शेजारी येतं. दोन्हींना मागच्या ५ फुटांवर खिडकी आणि दार. खोलीतून थेट बाथरूममध्ये जाता यावं. दार ३ फुटी, उंबरा नको, आणि पाण्याचा उतार मिळावा म्हणून बाथरूमचा स्लॅब आधीच खाली घ्यायला सांगा. जमीन तयार झाल्यावर हे करता येत नाही.

गाडीसाठी पूर्ण मजला लागत नाही. लहान गाडी साधारण १३ फूट लांब असते. पुढे १० फूट मोकळे आहेतच. दर्शनी भिंतीचा फक्त ९ फुटांचा भाग ५ फूट आत घ्या. वर पहिल्या मजल्याची छाया मिळेल. उरलेल्या साडेआठ फुटांत हॉलची मोठी खिडकी येईल. आणि ती मोठीच ठेवा.

वर मागे तुमची खोली, पुढे मुलींच्या दोन खोल्या, प्रत्येकी साडेआठ फूट रुंद. तिसरा मजला लागत नाही.

प्रतिसाद २

वरच्यांनी आराखड्याचं छान सांगितलंय. मी पैशाचं आणि पायाचं सांगतो.

१०० मधले १२ ते १५ आजच बाजूला काढा आणि ते नाहीतच असं धरा. पायात पाणी लागतं, सळईचा भाव वाढतो, काम दोन महिने लांबून भाडं वाढतं, त्यासाठी ते आहेत. मग करारात नसलेल्या गोष्टींचा वेगळा कागद करा. टाकी, कुंपण, जोडण्या, फी, भाडं, प्रत्येकापुढे अंदाज लिहा. उरेल तेवढ्यातच ठेकेदाराचा करार बसवा. तुमचा ९७ चा करार यात कुठेच बसत नाही, फरशी कितीही हलकी घेतली तरी.

दोन मजले केले तर चौक आणि पार्किंगची खाच वजा जाता १६५० चौरस फुटांच्या आसपास काम होईल. क्षेत्र सुमारे ३६ टक्क्यांनी घटलं म्हणून खर्च तितकाच घटेल असं समजू नका. खोदाई, जोते, टाकी, जिना हे बऱ्यापैकी तसंच राहतं. चौक दरात मोजणार का, हेही आधीच विचारून घ्या. काही ठेकेदार भोकासकट स्लॅब मोजतात.

एका गोष्टीत मात्र कंजुषी नको. पुढे मुलींसाठी मजला चढवायची शक्यता असेल, तर पाया आणि कॉलम आत्ताच तीन मजल्यांचे डिझाइन करून घ्या. फरशी दहा वर्षांनी बदलता येते, पाया नाही. त्या मजल्यासाठी गच्चीवर सोडलेल्या कॉलमच्या सळया उघड्या ठेवू नका, गंजतात. त्यांच्यावर कच्चं, म्हणजे कमी सिमेंटचं काँक्रीट घालून झाका.

कडेच्या कॉलमचा पाया शेजाऱ्याच्या हद्दीत पसरवता येत नाही, म्हणून तो समोरच्या कॉलमच्या पायाशी बीमने जोडावा लागतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून नकाशावर हे आहे ना, बघून घ्या. जुन्या घराशेजारी पूर्ण लांबीचा चर एकदम खोदू देऊ नका. इंजिनिअरच्या देखरेखीखाली चार-पाच फुटांचा तुकडा खोदायचा, भरायचा, मग एक सोडून पुढचा. त्याआधी त्या घरातल्या जुन्या भेगांचे फोटो तारखेसह काढून शेजाऱ्यांची सही घ्या. माझ्याकडून हे राहिलं होतं. भेग आधीचीच आहे असं मला वाटत होतं, पण दाखवायला काही नव्हतं. शेवटी भिंत मीच दुरुस्त करून दिली.

ठेकेदाराला पैसे तारखेनुसार नाही, टप्प्यानुसार द्या: जोते, स्लॅब, वीटकाम, प्लास्टर. प्लास्टरच्या आधी बराचसा पैसा गेला असेल तर काम रेंगाळतं. कर्जही सहसा टप्प्याटप्प्यानेच मिळतं, टप्पा झाल्यावर. म्हणून बचतीतला पैसा आधी लागतो, तो मोकळा ठेवा.

धागा काढणारीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. काल मिस्टरांना सगळं वाचून दाखवलं. तिसरा मजला आत्ता करायचा नाही, पाया मात्र तीन मजल्यांचा, हे त्यांनी मान्य केलं. आर्किटेक्टलाही १९ फूट २ इंचांवर नकाशा नव्याने काढायला सांगितलंय.

आज सकाळी प्लॉटवर चुन्याने तळमजला आखला. सासूबाईंना नेलं, मागच्या खोलीच्या जागी खुर्ची ठेवली. बराच वेळ बसल्या. मग काठी घेऊन आखलेल्या बाथरूमपर्यंत चालत गेल्या आणि म्हणाल्या, "दार आत उघडलं तर मी काठीसकट वळू कुठे?" आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. आता सरकतं दार घ्यावं की बाहेर उघडणारं, यात अडकलोय. बाहेर उघडलं तर पलंगाला लागतंय. सरकतं दार ओल्या जागी किती टिकतं, कुणी वापरलंय का?