थाउगुफाल्ससीकी, म्हणजे 'चतुर्थीचा आजार'

एका चर्चेत आइसलँडिकच्या विभक्त्यांचा विषय निघाला आणि कोणीतरी 'थाउगुफाल्ससीकी' हा शब्द टाकून अर्थ विचारला, म्हणून सविस्तर लिहितो. थाउगुफाल म्हणजे चतुर्थी, सीकी म्हणजे आजार. पण हा आजार कोणाला आणि का होतो ते कळायला वाक्यरचना बघावी लागते, आणि मराठी माणसाला ती पटकन कळते.

आइसलँडिकमध्ये विभक्त्या चारच, प्रथमा, द्वितीया, चतुर्थी, षष्ठी. घोडा म्हणजे हेस्तुर, मग हेस्त, हेस्ति, हेस्त्स. गंमत अशी की वाक्याचा कर्ता प्रथमेतच असला पाहिजे असं काही नाही. 'म्येर एर काल्त' म्हणजे मला थंडी वाजतेय, यातलं म्येर हे चतुर्थीचं रूप. आता हे वाक्य बघा: 'हेन्नि थिकिर ब्रोउदिर सिन लेइदिन्लेगुर', तिला आपला भाऊ कंटाळवाणा वाटतो. हेन्नि म्हणजे तिला, सिन म्हणजे आपला, आणि हा 'आपला' चतुर्थीतल्या 'तिला'कडे बोट दाखवतो, अगदी मराठीसारखाच. असा 'आपला' सहसा कर्त्याकडेच बोट दाखवतो, म्हणून अशा वाक्यांवरूनच भाषाशास्त्रज्ञ म्हणतात की चतुर्थीत असूनही हेन्नि हा खराखुरा कर्ता आहे, नुसता पुढे आणून ठेवलेला शब्द नाही. फरक इतकाच की त्यांचं क्रियापद दुसऱ्या जागी येतं, आपलं शेवटी.

आता आजार. काही क्रियापदांना कर्ता द्वितीयेत लागतो. 'मिग लाउन्गार' म्हणजे मला इच्छा आहे, 'मिग वान्तार' म्हणजे मला हवंय. मिग ही द्वितीया, म्येर ही चतुर्थी. पण वाटणं, आवडणं, कंटाळा येणं असल्या बहुतेक क्रियापदांना चतुर्थीच लागते, मग बोलणारा सहज 'म्येर लाउन्गार' म्हणून जातो, आणि शाळेत बाई लगेच सुधारतात. हाच तो आजार. 1982 साली आउस्ता स्वावार्सदोत्तिर यांनी शाळकरी मुलांच्या बोलण्याचा अभ्यास केला तेव्हा हा प्रकार नीट नोंदला गेला. मराठीत हे भांडण होऊच शकत नाही कारण स-ला-ते दोन्हीकडे एकच, द्वितीया असो नाहीतर चतुर्थी, 'मला' ते 'मला'च.

मला स्वतःला 'आजार' हे नाव अजिबात पटत नाही. कुठल्या क्रियापदाला द्वितीया लागते ते एकेक पाठ करावं लागतं, चतुर्थीला मात्र नियम आहे, ज्याला काही वाटतं किंवा हवं असतं त्याला चतुर्थी. म्हणजे बोलणारी मुलं नियम जास्त नीट पाळतायत! आणि जिथे कोणाला काही वाटत नसतं तिथे चतुर्थी घुसतही नाही. 'बाउतिन राक' म्हणजे होडी वाहत गेली, यात होडी द्वितीयेत आहे, लोक चुकतात ते तिला प्रथमेत घालून 'बाउतुरिन राक' असं म्हणतात, चतुर्थीत नाही. होडीला कुठे काही वाटतं? काही अभ्यासक आजकाल सीकीच्या जागी 'हनेइग्द' म्हणजे कल असा शब्द वापरतात, तो मला जास्त योग्य वाटतो.

फेरोईजचं, म्हणजे फेरो बेटांवरच्या भाषेचं, कोणीतरी त्याच चर्चेत विचारलं होतं. ती आइसलँडिकची सख्खी बहीण, दोघींचं मूळ जुनी नॉर्स भाषा, पण तिथे हा बदल फार पुढे गेलाय, द्वितीयेतला कर्ता रोजच्या बोलण्यातून जवळपास गेलाच, त्याच्या जागी चतुर्थी किंवा सरळ प्रथमा. षष्ठीही बोलण्यात फारशी उरलेली नाही, माझी गाडी म्हणायला 'बिलुरिन च्वा मेआर', म्हणजे 'गाडी माझ्याकडची' अशी रचना. आणखी एक बारीक गोष्ट. 'मला ती आवडते' हे आइसलँडिकमध्ये 'म्येर लीकार हून', यातली हून म्हणजे 'ती' प्रथमेत, मराठीसारखीच. फेरोईजमध्ये मात्र 'मेआर दोआमार हाना', इथे हाना द्वितीयेत, म्हणजे 'मला तिला आवडतं' अशा धाटणीचं. कर्ता चतुर्थीत ठेवला पण कर्माला सरळ कर्मासारखं वागवायला सुरुवात केली.

तेव्हा शब्दाचा अर्थ लावताना 'चुकीची चतुर्थी' एवढंच लिहू नका, 'अनुभवणाऱ्या कर्त्याला द्वितीयेऐवजी चतुर्थी लावणं' असं लिहा, होडीचं वाक्य त्यात येत नाही हे मग आपोआप कळतं.