समुपदेशकाची खोली आधी, की शिष्यवृत्ती आधी?

खडूफळा:
जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिले, की 100 किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक वा मानसतज्ज्ञ हवा. आमच्या कॉलेजात हे काम एका प्राध्यापकाच्या गळ्यात मारलंय, म्हणजे माझ्या. मी अकाउंट्स शिकवतो. मागच्या महिन्यात दुसऱ्या वर्षाची एक मुलगी सलग आठ दिवस वर्गात डोकं टेकून बसलेली दिसली. विचारलं तर म्हणाली, "काही नाही सर, झोप झाली नाही." यापुढे काय विचारायचं, हे मला कुणी शिकवलेलं नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) नोंदीनुसार 2022 या एका वर्षात देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. एवढं असताना अतिरिक्त कार्यभारावर वेळ मारून नेणं मला पटत नाही. पूर्णवेळ, शिकलेला माणूसच हवा. माझं ठाम मत.

एकवेळची मेस:
सर, तळमळ कळते, पण मी उलट बाजूने बोलणार. बीडहून पुण्यात शिकायला आलो. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही, म्हणून राहण्या-जेवणाचे पैसे देणाऱ्या सरकारच्या स्वाधार योजनेचा अर्ज भरला. पैसे आले ते वर्ष संपल्यावर. तोवर खोलीभाडं कसंबसं काढलं आणि मेस एक वेळची केली. दुपारच्या पोळ्यांतल्या दोन कागदात गुंडाळून रात्रीला ठेवायचो. कॉलेजात समुपदेशक होत्या, भल्या बाई. त्यांनी दीर्घ श्वास घ्यायला शिकवलं. पण माझी झोप उडाली होती ती फी विभागाच्या खिडकीवर, "महाडीबीटी पोर्टलवरून शिष्यवृत्ती आली की बघू, तोवर हॉल तिकीट नाही" हे ऐकून. आधी शिष्यवृत्ती वेळेवर द्या, निकाल वेळेवर लावा. निम्मी पोरं आपोआप सावरतील.

पाऊलवाट:
निम्मी सावरतील, पण उरलेल्यांचं काय? माझ्या भावाला कशाचीच ददात नव्हती. फी भरलेली, स्वतंत्र खोली, गाडी. तरी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी त्याने अंघोळ करणंसुद्धा सोडलं. घरी आम्ही त्याला आळशी म्हणत राहिलो, ते आजही बोचतं. ते नैराश्य होतं. औषधं आणि समुपदेशन दोन्ही लागलं. पैशाने हा प्रश्न सुटतो असं कृपया म्हणू नका.

जुना जिमखाना:
मला दोन्ही पटत नाही. आम्हाला मैदानाने आणि नाटकाच्या तालमींनी धरून ठेवलं. पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या दिवसांत रात्री दोनला कुणी गप्प बसला तर दहा जण विचारायचे. आता तास संपला की जो तो मोबाइलमध्ये. मित्र हवेत, तज्ज्ञ नंतर.

पाऊलवाट:
काका, मित्र हवेतच. पण भावाचे मित्रच त्याला "चिल मार" म्हणत होते. मित्राला आजार ओळखता येत नाही, आणि त्यात त्याचा दोषही नाही.

खडूफळा:
एकवेळची मेस, तुमचं वाचून मी थांबलो. खरंय, त्या मुलीला काय झालं हे मी विचारलं, फी भरली का हे विचारलंच नाही. तरी पूर्णवेळ समुपदेशकाची मागणी सोडत नाही. मात्र आता तिला एक जोड देतो: समुपदेशकाने लिहून दिलं तर फीचे हप्ते पाडायचे आणि हॉल तिकीट अडवायचं नाही, एवढा अधिकार त्या खुर्चीला हवा. आणखी एक. आमची समुपदेशनाची खोली प्राचार्यांच्या केबिनला लागून आहे. बाहेर टेबलावर रजिस्टर, त्यात नाव, वर्ग, रोल नंबर आणि "कारण" असा रकाना. वर्षभरात त्यात चार नावं. ते रजिस्टर उद्याच आत घेतो, तेवढं माझ्या हातात आहे.

तोवर कुणाला रात्री-अपरात्री फार जड जात असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर चोवीस तास चालू असतो. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मी तो वर्गातल्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलाय आणि पुसू नका असं सांगितलंय.

एकवेळची मेस:
सर, फी विभागाच्या खिडकीवरही लिहा. तिथे रांग मोठी असते.